रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं रेझिन, चिंचोलीतला एक्सट्रूडर: पावडर बनते कशी आणि पाइपात दोष येतो कुठून?

चिंचोली_पाइप

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ चिंचोली एमआयडीसीत बोअर आणि शेतीच्या पाइपची एक लाइन आहे. ६५/१३२ कोनिकल ट्विन-स्क्रू, ६३ ते ११० मिमी. रेझिन सस्पेन्शन ग्रेड, के-६७ (के-मूल्य म्हणजे रेणूंच्या लांबीचं माप), स्टॅबिलायझर कॅल्शियम-झिंक वनपॅक (स्टॅबिलायझर आणि वॅक्स यांचं तयार मिश्रण). काही गोष्टी मुळापासून समजून घ्यायच्या आहेत, म्हणून एकत्रच विचारतो.

पहिली गोष्ट, पीव्हीसी रेझिनचा, म्हणजे पाइपच्या मूळ पावडरीचा, फिनोलेक्सचा कारखाना रत्नागिरीला ऐन समुद्राकाठी का? पाइप खपतो तो घाटावर, सांगोला-मंगळवेढा-मोहोळ या पट्ट्यात. मग पावडर आंबा घाटातून चढवून आणायची ही उलटी वाट कशासाठी?

दुसरी, एकाच ग्रेडच्या दोन लॉटमध्ये फीडरचे आरपीएम तेच ठेवूनही मीटरमागचं वजन पाच टक्क्यांपर्यंत बदलतं. कारखान्यात असं काय बदलत असावं?

तिसरी, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या पाळीला मिक्स केलेल्या मालाच्या गाठी होतात आणि व्हेंटमधून, म्हणजे बॅरलवरच्या हवा काढायच्या तोंडातून, पावडर वर येते. रात्रपाळीला हाच त्रास जवळजवळ नसतो.

आणि चौथी, बाजारात १०० भाग रेझिनला १२ भाग कॅल्शियम पावडर (कॅल्शियम कार्बोनेट) घालणारे सर्रास आहेत. तसा पाइप सॉकेटजवळ, म्हणजे जोडाच्या तोंडाशी, तडकतो हे दिसतं, पण नेमकी मर्यादा कुठे धरायची? हिशोबासकट कुणी सांगेल का?

घाटमाथा

दादा, किनाऱ्याचं सर्वसाधारण उत्तर मीठ हे आहे. पीव्हीसीत वजनाने ५६.७ टक्के क्लोरीन असतो आणि क्लोरीन मिठाच्या पाण्याच्या विद्युत-विघटनातून येतो. गुजरातेत दहेजला अशीच जोडणी आहे. क्लोर-अल्कली (मिठापासून क्लोरीन), इथिलीन, व्हीसीएम (पीव्हीसीचा कच्चा माल) आणि पीव्हीसी एकाच संकुलात. मिठागरं शेजारी, बंदरही शेजारी.

विनाइल६७

दहेजबद्दल घाटमाथा यांचं बरोबर आहे, रत्नागिरीचं गणित मात्र वेगळं. तिथे मिठापासून सुरुवात होत नाही. क्लोरीन जहाजातूनच येतो, पण दुसऱ्या रूपात.

पीव्हीसीचा कच्चा माल म्हणजे व्हिनाइल क्लोराइड मोनोमर, व्हीसीएम. हा वायू उणे १३.४ अंशांला उकळतो. तो बनतो इथिलीन डायक्लोराइडपासून, म्हणजे ईडीसीपासून. ईडीसी साध्या तापमानाला द्रव असतो, ८३.५ अंशांला उकळतो आणि त्याच्या वजनात सुमारे ७२ टक्के क्लोरीनच असतो. दाबाखालच्या क्लोरीन वायूची वाहतूक म्हणजे जिवाशी खेळ. ईडीसी विषारी आणि ज्वलनशील असला तरी साध्या रासायनिक टँकरमधून आणता येतो. म्हणून जिथे वीज स्वस्त आणि मीठ मुबलक त्या देशात क्लोरीन बनवायचा, ईडीसीच्या रूपात जहाजात भरायचा आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यात उतरवायचा, असा हा जगभरचा व्यापार आहे. रत्नागिरीचा कारखाना ईडीसी, इथिलीन आणि वेळप्रसंगी थेट व्हीसीएम आणतो, म्हणूनच त्याला रणपारला स्वतःची जेट्टी लागली. तिथे किनारा मिठासाठी धरलेला नाही, जहाजांसाठी धरलेला आहे.

आता रसायन बघा, कारण त्यातच खरी चतुराई आहे. ईडीसी सुमारे ५०० अंशांच्या भट्टीतल्या नळ्यांतून नेला की त्याचा रेणू तुटतो आणि व्हीसीएम व हायड्रोजन क्लोराइड (एचसीएल) सुटतात. एका फेरीत अर्ध्याच्या आसपासच ईडीसी फुटू देतात. जास्त ओढलं तर नळ्यांत कोक, म्हणजे कोळशाचा थर, चढतो आणि भट्टी लवकर थांबवून जाळून साफ करावी लागते. १ टन व्हीसीएममागे १५८४ किलो ईडीसी फुटतो आणि ५८४ किलो एचसीएल हातात राहतं. एवढं एचसीएल फेकता येत नाही आणि विकायला तेवढा बाजारही नसतो. मग त्याची इथिलीन आणि ऑक्सिजनशी गाठ घालतात. तांब्याच्या क्लोराइडचा थर दिलेल्या अॅल्युमिनाच्या बारीक कणांवर, २२० ते २४० अंशांला, पुन्हा ईडीसी तयार होतो. याला ऑक्सिक्लोरिनेशन म्हणतात. ५८४ किलो एचसीएलला २२४ किलो इथिलीन लागतं आणि ७९२ किलो ईडीसी परत मिळतो.

म्हणजे निव्वळ हिशोबात १ टन व्हीसीएमला बाहेरून ७९२ किलो ईडीसी आणि २२४ किलो इथिलीन पुरतं. प्रत्यक्षात गळती आणि उपपदार्थ धरून थोडं जास्त. एचसीएलचा एक कणही वाया जाऊ नये अशी ही गोल साखळी आहे.

बिघाड होतात ते याच साखळीच्या सांध्यांत. कोरडं एचसीएल साध्या पोलादाला फारसं त्रास देत नाही, पण ऑक्सिक्लोरिनेशनमध्ये पाणी तयार होतं. एखादा पाइप किंवा अडगळीतला नोझल दवबिंदूखाली थंड झाला की तिथे ओलं आम्ल साचतं आणि महिन्याभरात पत्रा चाळणी होतो. म्हणून तिथल्या पाइपलाइन बाहेरून गरम ठेवतात. दुसरं म्हणजे एचसीएल आणि इथिलीनचं प्रमाण बिघडून एचसीएल जास्त झालं तर उत्प्रेरकाचे कण चिकट होतात, वाळूसारखा उसळणारा थर बसतो आणि रिअॅक्टरमध्ये गरम ठिपके तयार होतात.

इथिलीनची गोष्ट अजून नाजूक. ते उणे १०४ अंशांला द्रव राहतं, त्यामुळे दुहेरी भिंतीची टाकी आणि जेट्टीपासून टाकीपर्यंत पूर्ण उष्णतारोधक पाइपलाइन लागते. जहाज लागल्याबरोबर पंप सुरू करून चालत नाही. आधी थंड वाफ फिरवून पाइपलाइन काही तास हळूहळू गार करतात. घाई केली तर पोलाद एका बाजूने आकसतं, वेल्डवर ताण येतो आणि फ्लँज गळतात. त्यात कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, खुल्या पाण्यातल्या जेट्टीवर जहाज उभं राहणंच अवघड. त्यामुळे अशा ठिकाणी मेअखेर टाक्या भरून ठेवण्याचं नियोजन ही चैन नसते, उत्पादनाचा पायाच तो.

तुमच्या उलट्या वाटेबद्दल एवढंच. पावडर पोत्यात भरून साध्या ट्रकमध्ये साडेतीनशे किलोमीटर आणता येते. उणे १०४ अंशांचा माल घाट चढून आणता येत नाही. जे हलवायला सोपं ते हलवायचं.

घाटमाथा

मान्य. रणपारची जेट्टी लक्षात होती, पण ईडीसीतून क्लोरीन येतो हा धागा जुळला नव्हता.

सिलो_मास्तर

लॉटमधल्या फरकाचं उत्तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे व्हीसीएमचं पीव्हीसी होतं त्या बंद दाबपात्रात, आहे, म्हणून ती बॅच कशी चालते ते आधी पाहू.

दर बॅचआधी ऑटोक्लेव्ह उच्च दाबाच्या पाण्याने धुतात आणि आतल्या भिंतीवर चिकट थर न बसावा म्हणून खास लेप फवारतात. मग आतला ऑक्सिजन काढतात. ऑक्सिजन राहिला तर पेरॉक्साइड तयार होऊन आम्लता वाढते, मालाचा रंग बिघडतो. त्यानंतर क्षारविरहित पाणी, त्यात अर्धवट हायड्रोलाइझ केलेला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि सेल्युलोजजन्य घटक, अभिक्रिया सुरू करणारा पेरॉक्साइड जातीचा इनिशिएटर आणि शेवटी व्हीसीएम. पाणी व्हीसीएमपेक्षा थोडं जास्त, १.१ ते १.३ पट. ढवळणी सुरू झाली की व्हीसीएमचे थेंब पाण्यात तरंगत राहतात, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटी भट्टी होते.

के-मूल्य ठरतं मुख्यतः तापमानावर. सुमारे ५७ अंशांला के-६७, ७० च्या आसपास नेलं की के-५७. गरम केलं की साखळी लवकर तुटते, रेणू आखूड राहतात. दोन अंश इकडेतिकडे झाले तर के-मूल्य दीडने हलतं. म्हणून तिथे अर्ध्या अंशासाठी धडपड चालते.

आणि धडपडावं लागतं, कारण ही अभिक्रिया स्वतःच प्रचंड तापते. १ किलो पीव्हीसीमागे साधारण १५५० किलोज्यूल. ३० टन व्हीसीएम घातलं, ८५ टक्के रूपांतर झालं आणि बॅच ५ तासांची धरली, तर सरासरी २.२ मेगावॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. जॅकेटमधून थंड पाणी, वर रिफ्लक्स कंडेन्सर. भिंतीवर पीव्हीसीचा पापुद्रा चढला की उष्णता जाण्याची वाट बंद होते, म्हणून सुरुवातीचा तो लेप एवढा महत्त्वाचा. वीज जाऊन ढवळणी थांबली तर थेंब वर गोळा होतात, तापमान आणि दाब दोन्ही धावतात. तेव्हा अभिक्रिया मारणारं रसायन लगेच आत सोडण्याची सोय कायम भरलेली आणि तयार असावी लागते. अशा कारखान्यांत स्वतःचं वीजकेंद्र असतं त्याचं एक मोठं कारण हेच.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बॅच चालू असताना दाब ८-९ बारच्या आसपास स्थिर असतो. रूपांतर ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की मोकळं व्हीसीएम संपतं आणि दाब पडू लागतो. दाब किती पडल्यावर बॅच थांबवायची यावर कणाची घडण ठरते. लवकर थांबवली तर कण सच्छिद्र आणि हलका. जास्त ओढली तर कण आतून भरतो, घट्ट होतो, बल्क डेन्सिटी (सैल पावडरीचं आकारमानामागचं वजन) वाढते. ढवळणीचा वेग आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची मात्रा कणाचा आकार ठरवतात, साधारण १०० ते १८० मायक्रॉन.

के-६७ तेच राहिलं, सर्टिफिकेट तेच राहिलं, पण बल्क डेन्सिटी ०.५६ वरून ०.५३ झाली की तुमचा फीडर त्याच आरपीएमला ५.४ टक्के कमी वजन टाकतो. फीडर आकारमान मोजतो, वजन मोजत नाही. तुमचे पाच टक्के इथेच गेले. उपाय सोपा आहे. १०० मिलीचा धातूचा पेला, वर फनेल. पावडर सैल पडू द्यायची, ठोकायची नाही, वरचा ढीग पट्टीने सपाट करायचा आणि वजन करायचं. प्रत्येक लॉटचं, आणि मिक्स झालेल्या मालाचंही. तो आकडा वहीत असेल तर ट्रक बदलल्यावर आरपीएम किती हलवायचे ते लाइन सुरू करण्याआधीच कळतं.

ऑटोक्लेव्हनंतरचं थोडक्यात. उरलेलं व्हीसीएम परत मिळवतात, स्लरी वाफेच्या स्तंभातून नेऊन रेझिनमधलं व्हीसीएम दशलक्षात एका भागाच्या खाली आणतात, सेंट्रिफ्यूजमधून पाणी काढतात आणि फ्लुइड-बेड ड्रायरमध्ये ओलावा ०.३ टक्क्याखाली नेतात. वाफेच्या स्तंभात माल जास्त वेळ अडकला तर तिथेच पिवळसरपणाची सुरुवात होते. नवीन लॉटच्या पाइपला पहिल्या तासापासून हलकी पिवळी झाक असेल आणि तुमची तापमानं बदललेली नसतील, तर हीही शक्यता धरा.

डायसेटर

सिलो मास्तरांनी रेझिनची बाजू नीट मांडली. गाठी आणि व्हेंट हा मात्र पूर्ण आपल्या शेडचा प्रश्न आहे. त्याचं खापर रेझिनवर फोडू नका.

गाठी कूलर मिक्सरमुळे होतात. गरम मिक्सरमधून माल ११५ ते १२० अंशांला पडतो आणि कूलरने तो ४५ पर्यंत आणायचा असतो. सोलापुरात मेमध्ये दुपारी हवा ४२-४३ अंश, कूलिंग टॉवरचं पाणी ३० च्या वर. त्या पाण्याने माल ५५-६० वरच थांबतो. ऑपरेटर वेळेवर बॅच सोडतो, तापमानावर नाही. ५५-६० चा माल सिलोत एकावर एक पडला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, वॅक्स आणि स्टिअरिक अॅसिड मऊच राहतात आणि गाठ धरते. रात्री पाणी थंड, म्हणून रात्री त्रास नाही. कूलरची बॅच घड्याळावर न सोडता थर्मोकपलच्या आकड्यावर सोडा. ४५ च्या खाली आल्याशिवाय गेट उघडायचं नाही. उन्हाळ्यात त्यासाठी मिक्सरची गती उतरते, ती उतरू द्या. चिलर घ्यायचा असेल तर आधी कूलरला आणि व्हॅक्यूम टँकला (गरम पाइपला आकार देऊन गार करणारी टाकी) जोडा, बाकीचं नंतर.

सोबत पाणी बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कूलरच्या जॅकेटमध्ये क्षाराचा पांढरा थर चढला की चिलरचं थंड पाणी घालूनही माल गार होत नाही, आणि व्हॅक्यूम टँकची नोझल एका बाजूने बुजली की पाइप अंडाकृती होतो, एका बाजूची जाडी बदलते. डाय कितीही सेंटर केली तरी हा दोष जात नाही, कारण तो डायचा नसतोच. सॉफ्टनर बसवा आणि जॅकेटमधला क्षार वर्षातून एकदा तरी काढा.

मिक्सरमध्ये टाकण्याचा क्रम असा ठेवा. आधी रेझिन, ६० अंशांच्या आसपास वनपॅक, ८५-९० ला कॅल्शियम आणि टायटॅनियम, मग ११५-१२० ला माल कूलरमध्ये सोडायचा. कॅल्शियम सुरुवातीलाच टाकलं तर ते स्टॅबिलायझर आणि वॅक्स स्वतःवर ओढून घेतं, रेझिनच्या वाट्याला कमी येतं, शिवाय पाती झिजतात. ओलसर कॅल्शियम पावडर वापरू नका. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं सरळ बाजूला काढा.

व्हेंटमधून पावडर येणं म्हणजे माल व्हेंटपर्यंत पोचेस्तोवर पुरेसा चिकटलेला नसणं. स्क्रूच्या पहिल्या भागात पावडर दाबली जाऊन कणांना कण धरायला हवेत, मगच व्हॅक्यूम लावता येतो. माल गाठाळ असला, फीड अनियमित झाली किंवा बॅरलच्या पहिल्या-दुसऱ्या झोनचं तापमान कमी असलं की सैल पावडर व्हॅक्यूमने वर ओढली जाते. अशा वेळी बरेच जण व्हॅक्यूम बंद करतात. मग ओलावा आणि वायू आतच राहतात आणि पाइपच्या आतल्या भिंतीवर बुडबुडे दिसतात. व्हॅक्यूम बंद न करता आधीच्या दोन झोनमध्ये ५-५ अंश वाढवा, फीड आणि स्क्रूची गती जुळवा, मोटरचा अॅम्पिअर भार साधारण ६५ ते ८० टक्क्यांत ठेवा. मेल्ट १८५ ते १९५ च्या दरम्यान असू द्या.

ठिसूळपणाचं कारण प्रत्येक वेळी कॅल्शियमच असतं असंही नाही. नीट न शिजलेला, म्हणजे कणांच्या सीमा न विरघळलेला पाइपही तडकतो, आणि तो दिसायला गुळगुळीत असतो. तपासणी अशी: पाइपचा तुकडा तिरका तासून ठरावीक तापमानाच्या डायक्लोरोमिथेनमध्ये अर्धा तास बुडवायचा. तासलेला भाग पांढरा पडून सुटू लागला तर माल कच्चा. हे द्रव घातक आहे. काच, झाकण, हातमोजे आणि वायुवीजन नसेल तर करू नका, प्रयोगशाळेत पाठवा.

वीज गेली तर काय, हे चिंचोलीत माहीत असलंच पाहिजे. बॅरलमध्ये पीव्हीसी भरलेला असताना हीटर चालू आणि स्क्रू बंद ही सगळ्यात वाईट अवस्था. डिझेल जनरेटर ताबडतोब घेता येत नसेल तर हीटरचे स्विच बंद, डायचा क्लॅम्प मोकळा, आणि वीज येताच पहिल्यांदा पर्ज कंपाउंड (बॅरल साफ करणारा माल) घालून सगळा माल बाहेर. जळालेला माल एचसीएल सोडतो. बंद बॅरलमध्ये तो वायू दाब धरतो आणि डाय उघडताना तोंडावर येऊ शकतो. डायसमोर उभं राहून कधीही गरम बॅरल सुरू करायचा नाही. आणि ॲसिटाल, म्हणजे पीओएम या प्लास्टिकचं ग्राइंडिंग (भंगाराचा चुरा) चुकूनही पीव्हीसीच्या बॅरलमध्ये जाऊ देऊ नका. एचसीएलने ते भराभर तुटून फॉर्मल्डिहाइड सोडतं आणि स्फोटासारखा प्रकार होतो.

आयएस४९८५

कॅल्शियमची मर्यादा मानकातूनच निघते, त्यासाठी अंदाज लागत नाही. आयएस ४९८५ या पाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकात सल्फेटेड अॅश (सल्फ्युरिक अॅसिड घालून जाळल्यावर उरणारी राख) जास्तीत जास्त ११ टक्के आणि घनता १.४० ते १.४६.

सल्फेटेड अॅशमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचं कॅल्शियम सल्फेट होतं, म्हणजे १०० ग्रॅमचे १३६ ग्रॅम. हे न कळल्याने पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटतं १० भाग टाकले म्हणजे राख १० च्या आत.

१०० रेझिन, १२ कॅल्शियम, ३ वनपॅक, एकूण ११५. सल्फेट १६.३. राख १४.२ टक्के. सरळ नापास. आता ८ कॅल्शियम घ्या. एकूण १११, सल्फेट १०.९, राख ९.८ टक्के. त्यात वनपॅक आणि टायटॅनियमची स्वतःची राख मिळवली की ११ च्या उंबरठ्यावर. म्हणून ७ वर थांबणं शहाणपणाचं, ८ ही कड.

घनतेनेही तेच दिसतं. रेझिन १.४०, कॅल्शियम पावडर २.७, वनपॅक सुमारे १.२ धरलं तर ८ भागांना १.४४ आणि १२ भागांना १.४६७ येते. म्हणजे १२ भागांचा पाइप दोन्ही कसोट्यांवर पडतो. गिऱ्हाईक पाइप हातात घेऊन जड आहे म्हणजे चांगला आहे असं म्हणतं, तो समज नेमका उलटा आहे. त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा पाइप जास्त जड लागला तर त्यात दगड जास्त आहे. शेतकऱ्याला हे सांगायला हवं, कारण १२ भागांचा पाइप पहिल्या वर्षी फुटत नाही, मोटर बंद-चालू होताना पाण्याचा धक्का बसत बसत दोन-तीन हंगामांनी सॉकेटजवळ जातो, आणि तेव्हा उभं पीक शेतात असतं.

बाकी दोन कसोट्या रोज घरच्या घरी होतात. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तुकडा ठेवून लांबीतला बदल ५ टक्क्यांच्या आत हवा. जास्त आला तर हॉल-ऑफ, म्हणजे पाइप खेचणारं यंत्र, जादा ओढतंय किंवा व्हॅक्यूम टँकमध्ये पाइप अति थंड होऊन ताण आत गोठतोय. व्हायकॅट, म्हणजे पाइप मऊ पडण्याचं तापमान, किमान ८० अंश. तो खाली आला तर वॅक्स जास्त झालं किंवा कुणीतरी मऊ पीव्हीसीचं ग्राइंडिंग मिसळलं.

ग्राइंडिंगवरून आठवलं. शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइप आणि फिटिंगसाठी स्वतंत्र नियम केले. जुन्या शिसेयुक्त पाइपचा चुरा नव्या पाण्याच्या पाइपात टाकणं त्यामुळे चुकीचंच आहे. पण त्यापलीकडे, टिनच्या गंधकयुक्त स्टॅबिलायझरचा माल आणि शिशाचा माल एकत्र आला की लेड सल्फाइड होऊन काळे-करडे पट्टे येतात. बरेच जण त्याला जळलेला माल समजून तापमान खाली आणतात आणि कच्चा पाइप काढतात.

कॅल्शियम-झिंकची एक वेगळी खोड आहे. शिसं हळूहळू पिवळं पडत सूचना द्यायचं. झिंक बराच वेळ पांढरं ठेवतं आणि मग अचानक काळं करतं, कारण तयार झालेलं झिंक क्लोराइडच पुढचं विघटन भडकवतं. म्हणून डायमध्ये माल अडून राहील असा एकही कोपरा चालत नाही. शिशाच्या काळातल्या डाय जशाच्या तशा वापरल्या की याच कारणाने काळ्या रेघा येतात.

घाटमाथा

इतिहासाबद्दल थेट विचारलेलं नाही, पण किनाऱ्याचा प्रश्न त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

व्हिनाइल क्लोराइड १८३५ मध्ये फ्रान्सच्या रेन्योने प्रयोगशाळेत बनवलं. १८७२ मध्ये बाउमानला उन्हात ठेवलेल्या नळीत पांढरी भुकटी दिसली. १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटेने अॅसिटिलीनपासून व्हिनाइल क्लोराइड बनवण्याची वाट शोधली, पण त्या भुकटीचं करायचं काय हे कुणाला सुचत नव्हतं. तापवली की करपायची. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमनने ती मऊ करणारे द्रव मिसळले आणि तिथून धंदा सुरू झाला.

भारतात तीन वाटा वापरल्या गेल्या. राजस्थानात कोट्याला कॅल्शियम कार्बाइडची, म्हणजे चुना आणि कोकपासून अॅसिटिलीनची. तमिळनाडूत मेट्टूरला केमप्लास्टने वापरलेली अल्कोहोलची. ऊस पिकवणाऱ्या सोलापूरकरांनी ही वाट समजून घ्यावी अशी आहे: मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलमधून पाणी काढून इथिलीन आणि त्यापासून पीव्हीसी. तिसरी वाट पेट्रोरसायनाची. ठाण्यात नोसिलचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे तेलातल्या नाफ्थ्यापासून इथिलीन काढणारा कारखाना, १९६८ चा. पहिल्या दोन वाटा जमिनीच्या पोटातल्या किंवा शेतातल्या मालावर उभ्या होत्या, म्हणून ते कारखाने किनाऱ्यापासून दूर चालले.

फिनोलेक्स इंडस्ट्रीजची सुरुवात १९८१ मध्ये पाइप बनवण्यापासून झाली. प्रल्हाद छाब्रिया संस्थापक. रेझिन विकत घेणाऱ्या कंपनीने मागे वळून रेझिनच बनवायचं ठरवलं आणि जर्मनीच्या ऊडे कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन १९९४ मध्ये रत्नागिरीचा कारखाना सुरू केला. आज त्याची क्षमता वर्षाला २ लाख ७२ हजार टन, त्यातले २२ हजार टन पेस्ट रेझिन, जे पाइपाच्या कामाचं नाही. ते रेक्झिन, हातमोजे, कापडावरच्या थरांसाठी जातं. सोबत ४३ मेगावॅटचं स्वतःचं वीजकेंद्र आहे. सिलो मास्तरांनी सांगितलेलं कारण तिथे लागू पडतं. २००९ मध्ये केमप्लास्टनेही तमिळनाडूत कडलूरला किनाऱ्यावर कारखाना काढला आणि व्हीसीएम जहाजाने आणून समुद्रातल्या टर्मिनलवरून पाइपने आत घेतलं. मळी आणि अल्कोहोलची वाट वापरलेली कंपनीसुद्धा शेवटी समुद्रावर आली.

या इतिहासात एक काळी नोंद आहे, ती टाळू नये. १९७४ मध्ये अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये यकृताचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला. ऑटोक्लेव्हमध्ये उतरून भिंती खरवडणारे ते लोक होते. त्याच वर्षी तिथल्या सरकारने हवेतल्या व्हीसीएमची मर्यादा ८ तासांच्या सरासरीला दशलक्षात १ भाग केली. व्हीसीएमचा वास येऊ लागतो तोपर्यंत हवेतलं प्रमाण त्या मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही. आज ऑटोक्लेव्ह बंदच ठेवून पाण्याने धुतात, भिंतीला लेप देतात, स्लरी वाफेतून नेतात. या सगळ्या पायऱ्या त्या माणसांच्या मरणानंतर घट्ट झाल्या.

सिलो_मास्तर

शेवटचा परिच्छेद लिहिलात ते फार बरं केलं. पाइपवाल्यांनाही एक गोष्ट त्यातून घ्यायची आहे: तुमच्या शेडमध्ये येणाऱ्या रेझिनमध्ये व्हीसीएम नगण्य असतं, पण करपलेल्या मालाचा धूर हा एचसीएल आहे. मिक्सरवर आणि डायवर एक्झॉस्ट हवाच.

चिंचोली_पाइप

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. फिटिंगसाठी घेतलेली के-५७ ची काही पोती शिल्लक आहेत. ती के-६७ मध्ये १०-१५ टक्के मिसळली तर चालतील का? आणि आयात रेझिन चालवताना काय बघायचं?

डायसेटर

मिसळू नका. के-५७ आधी विरघळतो आणि के-६७ चे कण त्यात तरंगतात. स्क्रूची घासण्याची ताकद त्या मऊ भागात जिरते आणि के-६७ कच्चा राहतो. पाइप चकचकीत येईल, मोटरचा अॅम्पिअर कमी दिसेल, आणि डायक्लोरोमिथेनमध्ये बुडवला की पांढरा पडेल. ती पोती फिटिंगवाल्याला द्या.

विनाइल६७

देशाला लागणाऱ्या पीव्हीसीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं, त्यामुळे आयात टाळता येणार नाही. फक्त मार्ग विचारा: इथिलीनचा की कार्बाइडचा. कार्बाइडच्या मार्गात पारंपरिकपणे पाऱ्याचा उत्प्रेरक वापरला जातो. पाणीपुरवठ्याचा पाइप बनवत असाल तर पोत्यावरचा ग्रेड आणि लॉटचं सर्टिफिकेट दोन्ही ताडून बघा. रेझिनसाठी आयएस १७६५८ हे मानक आहे, त्याची खूण पोत्यावर शोधा. मग पेल्याने बल्क डेन्सिटी, पांढऱ्या कागदावर मूठभर पावडर पसरून काळे कण मोजायचे, आणि पहिली बॅच १०० किलोचीच करायची. दोन देशांचे लॉट एका सिलोत ओतू नका. आधीचा संपू द्या, सिलो रिकामा झाल्यावर बाहेरून हातोडीने वाजवून कोपऱ्यातला माल पाडा, मग नवीन भरा.

चिंचोली_पाइप

के-५७ बाजूला काढलं. उद्यापासून कूलरचं गेट ४५ अंशांवर आणि पेल्याची वही सुरू. सध्याचं मिश्रण ९ भागांवर आहे, ते ७ वर आणून राख तपासायला पाठवतो, आकडे इथेच टाकेन.